साहेबांच्या पत्राचं तिसरं पान

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात बॉयलरचा व्हॉल्व फुटला, काम ठप्प झालं आणि काजू सोलणाऱ्या साठ बायका घरी बसल्या. मॅनेजर तिरोडकर साहेब मुंबईच्या कंपनीला पत्रांवर पत्रं धाडत होते. पत्र चार पानी! आधी लांबलचक मायना, मग कारखान्याचा इतिहास, आणि व्हॉल्वची मागणी कुठेतरी तिसऱ्या पानावर. उत्तर काही येईना.

शेवटी टायपिस्ट नाईकबाईंनी पाच ओळींचं पत्र पुढे केलं. पहिल्याच ओळीत व्हॉल्व आणि त्याचा नंबर.

"ही काय तार आहे?" साहेब कडाडले. "माझ्या पद्धतीनं लिहा, नाहीतर तुम्हीही घरी बसा!"

बाईंनी निमूटपणे चार पानं टाइप केली. मायना वाचून साहेब "वा!" म्हणाले आणि शेवटच्या पानावर झोकात सही ठोकली.

"आता तिसरं पान वाचता, साहेब?"

तिथे लिहिलं होतं, 'आमचा बॉयलर उत्तम चालू आहे. व्हॉल्व पाठवू नये.'

साहेबांनी ते पान झटकन बाजूला काढलं. "अहो, हे मुंबईत कुणी वाचलं असतं म्हणजे?"

"छे हो! सही करणाराच तिथवर पोचला नाही, मुंबईवाले कुठले पोचतायत?"

साहेबांनी पाच ओळींचं पत्र पुढे ओढून सही केली. आठव्या दिवशी व्हॉल्व आला, बॉयलरची शिटी वाजली, आणि सगळ्यांआधी नाईकबाईंनी हुश्श केलं.