बाभळीवरचं तिसरं घरटं

पाखरं एकमेकांना घरटी विणून देत, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी ज्वारीच्या दाण्यांच्या बदल्यात मुनियांना घरटी विणून द्यायचा. घेण्याआधी मुनिया घरट्याचं तोंड चोचीने ओढून बघायची, असा रिवाज होता.

शेजारच्या फांदीवर म्हातारे तात्या ओल्या पात्यांचं एकच घरटं पंधरा-पंधरा दिवस विणत बसत. पिवळ्याला एवढा धीर कुठला! त्याने घरट्याच्या तोंडाशी ओली पाती विणली आणि वर फांदीला बांधायच्या गाठीला, जिथे कुणी ओढून बघत नाही, तिथे झटपट ठिसूळ वाळकं गवत गुंडाळलं. चार दिवसांत त्याची तीन घरटी खपली.

पुढे एका दुपारी वारा सुटला आणि तिसरं घरटं अंड्यांसकट विहिरीत पडलं.

त्या घरट्यातली मुनिया पिवळ्याकडे आली. दोष वाऱ्यावर ढकलायचा, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण तीच म्हणाली, "दादा, चुकलं माझंच. एक अंडं जास्त घातलं, त्याचा भार झाला. तुमची एवढी मेहनत मी वाया घालवली."

पिवळ्याची मान खाली गेली. तात्यांची चोच विणता विणता थांबली.

"ताई," पिवळ्या कसाबसा म्हणाला, "वरची गाठ वाळक्या गवताची होती."

मुनियाने वर पाहिलं. उरलेल्या दोन घरट्यांत तिच्या बहिणी अंडी उबवत बसल्या होत्या.

"आणि त्या दोघींच्या घरट्यांची?"