सहा किलोमीटरवरचं वैराग्य

"मग दीक्षा आज देता, का अमावस्येला?"

गिरजाआई धुनीतली राख सारखी करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

विचारणारा होता जालिंदर, लोणेवाडीच्या दूध केंद्रावर फॅट मोजणारा. वय छत्तीस. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानामागं अत्तराचा फाया, हातात पेढ्यांचा पुडा. संन्यास घ्यायला असं नटून कुणी येत नाही.

"गाडी कुठंय?" आईनं विचारलं.

"कमानीसमोर. तिथंच बंद पडली, आई. तिसऱ्यांदा."

"मग दीक्षा तुला पाहिजे का गाडीला?"

मठात स्वयंपाकाचं बघणारी हौसाबाई चुलीपाशी बसून पातेलं घासत होती. ती हसली. जालिंदर हसला नाही. तो आईचा सगळ्यात जुना शिष्य. निदान तो तसं सांगायचा, आणि बाकीचे ऐकून घ्यायचे. त्याच्यापुढं दुसऱ्याला बोलायला मिळायचंच कुठं?

आईनं त्याला बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांग म्हणाली. तो पहिल्याच्याही आधीपासून सांगायला लागला.

कातरवाडीला त्याच्यासाठी एक स्थळ होतं. बाईचं नाव कौसल्या, वय बत्तीस, स्वतःचं शिवणकामाचं दुकान. तिनं स्वतःच निरोप धाडला होता, की माणूस बघून ठरवीन, फोटो बघून नाही. पहिल्या रविवारी हा निघाला. लोणेवाडीपासून गाडी झक्कास चालली, मठापर्यंत आली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. दुसऱ्या रविवारीही तसंच. दोन्ही वेळा हा अर्ध्या वाटेवरनं घरी गेला. परवा तिकडून फोन आला. कौसल्येनं सांगितलं होतं, रविवारी चारपर्यंत वाट बघते, चारनंतर दुकान उघडणार, मग चहा नाही आणि बोलणंही नाही.

आज तो रविवार होता. दोन वाजून गेले होते. कातरवाडी अजून चौदा किलोमीटर पुढं.

दुसऱ्या कुणाच्या गाडीवरनं जायचं नाही का, असं हौसाबाईनं मध्येच विचारलं. जालिंदर म्हणाला, मी कुणाच्या मागं बसत नाही.

"मिस्त्रीला दाखवलीस?" आईनं विचारलं.

दाखवली म्हणजे काय. तालुक्याच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कॉईल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला. त्याच्या दुकानासमोर गाडी दर वेळी एका किकमध्ये चालू. शेवटी तो म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही, घेऊन जा.

"मग आता राहिलं काय, आई? गाडीत दोष नाही. पेट्रोल आहे. तरी तुमच्या दारात बंद पडते. म्हणजे नाथांचीच इच्छा आहे, मी पुढं जाऊ नये. संसाराकडं तोंड केलं की बंद. घराकडं तोंड केलं की थेट दारापर्यंत जाते."

"आणि दारात गेल्यावर?"

"आपोआप बंद होते. किल्लीसुद्धा फिरवावी लागत नाही."

हे त्यानं छाती पुढं काढून सांगितलं.

"इथनं तुझं घर किती लांब?"

"सहा किलोमीटर."

"आणि घरापासनं इथं?"

"सहाच की, आई. रस्ता तोच आहे."

आईनं हौसाबाईकडं पाहिलं. हौसाबाईनं पातेल्यात पाहिलं.

…

"इथं बंद पडते," आई म्हणाली, "मग घरी जायला चालू कशी होते?"

जालिंदरनं क्रम सांगितला. आधी किक मारायची, पोटरी सुजेपर्यंत. होत नाही. मग डोळे मिटून गिरजाआईचं नाव घ्यायचं. मग टाकीचं झाकण उघडून बघायचं, पेट्रोल आहे का. असतं. झाकण लावायचं. पुन्हा नाव घेऊन किक मारायची. चौथ्या किकला चालू.

"झाकण न उघडता नुसतं नाव घेतलंस कधी?"

"घेतलं की. मागच्या रविवारी एकशे आठ वेळा घेतलं."

"मग?"

"नाही झाली."

"मग?"

"मग झाकण उघडलं आणि…" तो जरा थांबला. "मला वाटतं, नाव कमी पडलं असावं."



मग त्यानं आवाज खाली आणला आणि एक गुपित सांगितलं. हे मिस्त्रीलाही सांगितलं नव्हतं. झाकण उघडलं की टाकीतून आवाज येतो. बारीक, लांब. तो ओंकार आहे.

"भूक लागली की माझ्याही पोटातनं येतो," हौसाबाई म्हणाली.

"आज ऐकलास का ओंकार?" आईनं विचारलं.

आज त्यानं झाकण उघडलंच नव्हतं. आता चालू करून जायचंय कुठं, असं म्हणून सरळ आत आला होता. पेढे मुलीकडं न्यायचे होते, ते आता धुनीपुढं ठेवा. शर्टही कुणाला तरी देऊन टाका. त्यानं वरचं एक बटण सोडलंसुद्धा.

"बटण लाव," आई म्हणाली. "समईतलं तेल संपत आलंय. आतला डबा घेऊन ये."

पत्र्याचा नवा डबा होता, पाच किलोचा, अजून फोडलेला नव्हता. हौसाबाईनं खिळा आणि बत्ता दिला. आई म्हणाली, एकच भोक पाड.

जालिंदरनं भोक पाडलं आणि डबा समईवर तिरका केला. तेल भकभक करून दोन पळ्या पडलं आणि थांबलं. त्यानं डबा हलवला. पुन्हा भक झालं आणि पुन्हा थांबलं. शर्टावर शिंतोडा उडाला.

मग तो चिडला. म्हणाला, एका भोकानं कधी तेल पडतं का. पलीकडच्या कोपऱ्याला दुसरं पाडायला लागतं. मठात इतकी वर्षं राहून माणसांना एवढंही कळत नाही.

"का रे?" आई म्हणाली. "डबा तर भरलेला आहे."

"भरलेला असून काय उपयोग? वारा आत जायला नको का? काही आत गेल्याशिवाय बाहेर काय येणार?"

…



"ऐकलंस?" आईनं हौसाबाईला विचारलं.

"ऐकलं की."

"म्हणजे ऐकायचा राहिला तो बोलणारा एकटाच."

जालिंदर दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. हातात खिळा, शर्टावर तेल.

आई उठली. धुनीजवळून ती सहसा उठत नसे. देवळाचा कळस बसवायला आमदार आले होते, तेव्हाही उठली नव्हती. काठी टेकत कमानीबाहेर गेली. मागं जालिंदर, त्याच्या मागं हौसाबाई.

गाडी उन्हात उभी होती. धुतलेली, पुसलेली, आरशाला झेंडूचा हार. फक्त टाकीचं झाकण दिसत नव्हतं. त्यावर अंगाऱ्याचा थर होता, बोटभर जाड. एरंडेलात कालवून थापलेला, उन्हानं वाळून सिमेंट झालेला, वर कुंकवाची पाच बोटं. किल्लीचं भोक तेवढं काडीनं कोरून मोकळं ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"तुमचा अंगारा, आई." जालिंदर सांगायला लागला. श्रावणात नवी गाडी घेऊन पाया पडायला आलो होतो, तेव्हा तुम्हीच चिमूटभर दिला होता. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. आंघोळ झाली की पहिला हात टाकीला. "आणि बंद पडली, की दुसऱ्या दिवशी दुप्पट लावतो. असं करणारा एक तरी शिष्य दाखवा."

"नाही दाखवता येणार," आई म्हणाली.

तिनं पदराच्या काठाचा एक दोरा ओढून काढला आणि झाकणाच्या कडेला धरला.

"उघड."

जालिंदरनं किल्ली फिरवली. झाकण सैल झालं.

सूंऽऽऽ.

त्यानं हात जोडले.

आईच्या बोटातला दोरा ताठ झाला, वाकला आणि निम्मा टाकीत गेला.

"ओंकार आत चालला की हो," हौसाबाई म्हणाली.

जालिंदर दोऱ्याकडं बघत राहिला. ओंकार बाहेर येत असता तर दोरा बाहेर उडायला हवा होता, एवढं त्याला कळत होतं. तो काहीच बोलला नाही. हौसाबाईनं नंतर चार जणींना हे सांगितलं, की जालिंदर न बोलता उभा होता, मी डोळ्यांनी पाहिलं.

आईनं दोरा बाहेर ओढला. मग झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि नखानं थर खरवडायला लागली. थराचा पोपडा निघाला.

"आई, पुसू नका. तुमचा अंगारा आहे तो."

"माझा आहे म्हणून तर मी पुसते. मिस्त्रीनं पुसला असता, तर तू त्याचं डोकं फोडलं असतंस."

हे खरं होतं. मिस्त्रीनं एकदा ओलं फडकं उचललं होतं. त्याला याच्या शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या.

थराखाली, किल्लीच्या शेजारी, एक बारीक खळगा दिसला. मोहरीएवढा. आईनं हात मागं केला. हौसाबाईनं बांगडीतली पिन काढून दिली. आईनं पिन घातली, फिरवली, ओढली. राखेचा काळा खडा बाहेर पडला. तिनं झाकण तोंडाला लावून फुंकर मारली. फुंकर पलीकडं निघाली.

"हे टाकीचं दुसरं भोक; बुजलं, की सहा किलोमीटरात पेट्रोल थांबतं. लाव. मार किक."

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. खोकली नाही, अडखळली नाही. नुसती चालत राहिली.

…

हौसाबाईनं आत जाऊन पेढ्यांचा पुडा आणला आणि हँडलला अडकवला. एक पेढा मात्र तिनं काढून घेतला, पिनेबद्दल. अडीच वाजले होते. चौदा किलोमीटरला अर्धा तास पुष्कळ.

जालिंदर गाडीवर बसेना. आरशाचा हार सरळ केला. पुसलेली सीट पुन्हा पुसली.

मग म्हणाला, अर्ध्या वाटेत पुन्हा बंद पडली तर. आई म्हणाली, पडणार नाही. म्हणाला, शर्टावर तेल उडालंय. आई म्हणाली, ती शिवणकाम करते, तिला डाग नवीन नाहीत. म्हणाला, आणि माझं वैराग्य? दोन आठवडे मी केंद्रावर सगळ्यांना सांगून बसलोय.

"ते हौसाबाईच्या पिनेनं निघालं."

गाडी चालूच होती. एवढ्या वेळात तीन किलोमीटर गेला असता.

शेवटी तो अगदी हळू बोलला. त्याचा असा आवाज मठात कुणी कधी ऐकला नव्हता.

"आई… तिनं माझ्याकडं बघून नाही म्हटलं तर?"

आईनं झाकण एकदा बोटानं दाबून पाहिलं. काठी उचलली आणि कमानीकडं वळली.

"तर ऐकून ये."