वाघिणीची सुईण

कुंभेरीत विजेचे दिवे यायच्याही आधीची ही गोष्ट. आज तिथं मोठं प्राणिसंग्रहालय आहे, त्याला तेव्हा शिकारखाना म्हणत. महाराजांनी हौसेनं उभारलेला. दोन अस्वलं, थोडी हरणं, एक म्हातारा चित्ता, एक वाघ आणि जाई नावाची वाघीण. जाईला बघायला पन्नास गावांतून लोक गाड्या जुंपून येत, असं म्हणतात.

ही जाई दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा तिनं आपलीच पिल्लं मारून टाकली. लोक म्हणाले, कैदाशीण आहे. महाराजांनी लांबून डॉक्टर आणले, पण उपयोग शून्य. तिसऱ्यांदा ती गाभण राहिली, तेव्हा तिची देखभाल करणारा हैबती हवालदिल झाला आणि थेट म्हाळसा सुईणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

अर्ध्या कुंभेरीची नाळ म्हाळसानं कापलेली. तिच्या हातात आलेलं मूल कधी दगावलं नाही, असं म्हणतात. बाई मोठी फटकळ. हैबतीबरोबर ती शिकारखान्यात आली. पिंजऱ्याभोवती ही गर्दी! कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी खडे. जाई या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती.

"बाळंतिणीला असं चव्हाट्यावर ठिवत्यात व्हय रं?" म्हाळसा हैबतीवर उखडली.

"मावशी, वाघीण हाय ती."

"म्हून काय झालं? एवढ्या डोळ्यांम्होरं लेकरं लपवायची कुठं तिनं? जागाच घावली न्हाई, म्हून मारली."

तिनं गोणपाटं शिवून पिंजरा चारी बाजूंनी झाकला. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, ओवा-शेपाची धुरी केली आणि घोंगडं टाकून दारातच बसली. मांस-पाणी आत सरकवायचं आणि मागं फिरायचं, बघायचं नाही, अशी हैबतीला ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी आतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. म्हाळसानंही वळून पाहिलं नाही. जन्मभर जिनं प्रत्येक बाळ हातांवर झेललं, तिनं हे एक बाळंतपण पाठ फिरवून केलं.

पिल्लं झाल्याच्या सातव्या दिवशी महाराज आले, बरोबर गोरा पाहुणा. त्याला पिल्लं दाखवायची होती.

"पडदा काढा," महाराज म्हणाले.

म्हाळसा उठली. आत जाई गुरगुरायला लागली होती. आता पडदा हलला की पिल्लं गेलीच, हे म्हाळसाला कळत होतं.

"सरकार, बाळंतिणीचं सुवेर हाय. बाराव्या दिसापतुर आत नजर टाकायची न्हाई."

शिपाई काठी उगारून पुढं झाला. म्हाळसा तसूभर हलली नाही. "तुमचा जलम झाला, तवा थोरल्या सरकारांना म्याच दारात आडवलं हुतं. कमरेला तलवार हुती त्यांच्या. तरी बारा दिस थांबलं."

महाराजांनी हातानंच शिपायाला मागं सारलं. मग पाहुण्याकडे वळून म्हणाले, "माफ करा. आमच्याकडे बाराव्या दिवसाआधी बाळ दाखवत नाहीत." आणि उरलेले पाच दिवस रोज घटकाभर येऊन ते स्वतः पडद्याकडे पाठ करून पहाऱ्याला बसले, असं म्हणतात.

बाराव्या दिवशी म्हाळसाच्या गल्लीतल्या बायका पाळणा म्हणायला जमल्या. पडदा उतरला. जाईनं एकेक पिल्लू मानेला धरून आणलं आणि तिन्ही पिल्लं गजांपाशी, म्हाळसाच्या पायांजवळ ठेवली. हैबती मरेपर्यंत शपथेवर हे सांगायचा. म्हाळसाच्या डोळ्यांना धार लागली होती. पण प्रत्येक बाळंतिणीला ती म्हणायची, तेच तिनं जाईलाही म्हटलं, "नाकीडोळी नीटस हायती गं, बाय!"

आजही कुंभेरीच्या त्या बागेत हरीण व्यालं, अस्वल व्यालं, माकडीण व्याली, की आधी गोणपाटाचा पडदा लागतो आणि त्यावर कडुनिंबाचा डहाळा. बारा दिवस. मंत्री येतात, साहेब येतात आणि मुकाट परत जातात. पडद्याशी बसलेला राखणदार उठून नमस्कार करतो आणि पुन्हा पिंजऱ्याकडे पाठ करून बसतो.