एकही ओळ नसलेला लॉग

“…मग आता तरी डेअरी माझ्या भरवशावर सोडाल ना, अण्णा?”

वैजनाथनं विचारलं. बसवंतअण्णा शाल सावरत आत येऊन खुर्चीवर टेकले आणि पडद्याकडे बघत राहिले.

वैजनाथ हुशार, त्यात वाद नाही. अण्णांच्या हाताखाली यंत्रांची सगळी नाडी शिकलेला. दूध किती तापलं, टाकी किती भरली, असे सगळ्या यंत्रांचे आकडे गोळा करून पडद्यावर दाखवणारा सर्व्हर मूळ अण्णांनी बसवलेला. पण अलीकडे त्याची सेटिंग वैजनाथनं आपल्या मनानं बदलली होती. अण्णा निवृत्तीला आलेले. चेअरमननी सांगून ठेवलेलं, अण्णांनी मान डोलावली की कारभार तुझा. त्या एका होकारासाठी पोरगं नुसतं आसुसलेलं.

मग त्यानं आपली करामत रंगवून सांगितली. पूर्वी सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, सारखं रडगाणं उमटायचं. कनेक्शन तुटलं, जोडलं, पुन्हा तुटलं. घंटा वाजून वाजून माणसं कावायची. म्हणून त्यानं सर्व्हरला बजावलं, बारीकसारीक लिहायचं नाही. कनेक्शन तुटलं तरी बोंब मारायची नाही, वाट बघायची, आणि तोवर शेवटचा आलेला आकडा तसाच दाखवायचा.

“आता लॉगमध्ये एक ओळ नाही, अण्णा. आमच्या बडबड्या आत्यानं शिकावं त्याच्याकडून.”

अण्णांना हसू आलं नाही.

“दूध किती तापलंय?”

“बहात्तर अंश, पाहिजे तेवढंच. हे बघा की. सकाळपासून आकडा हललेला नाही.”

“हललाच नाही?”

“जरासुद्धा नाही.”

“हं…”

अण्णा उठले. बाहेर जाऊन, दूध तापवून जंतू मारणाऱ्या पाश्चरायझरमधून निघालेल्या दुधाचा स्टीलचा पेला भरून घेऊन आले आणि त्याच्यापुढे धरला.

“पी.”

आपल्या कामाचं कौतुकच चाललंय असं वैजनाथला वाटलं. त्यानं पेला ओठाला लावला… तेवढ्यात अण्णांनी शालीखालून दुसरा हात काढला आणि टेबलावर एक निळी वायर ठेवली.

पाश्चरायझरपासून सर्व्हरपर्यंत येणारी वायर. अख्खी. दोन्ही टोकांसकट.

वैजनाथनं वायरीकडे बघितलं. मग पडद्याकडे.

बहात्तर.

लॉग उघडला. कोरा.

“कधी… कधी काढली?”

“तू ड्यूटीवर यायच्या आधी.”

वैजनाथनं पेला ओठापासून दूर केला. सकाळपासूनचं दूध. तालुक्यातल्या घराघरांतली लेकरं. तो धडपडत दाराकडे निघाला, तसा अण्णांनी त्याचा दंड धरला. पिशव्या भरायचं काम त्यांनी पहाटेच थांबवलं होतं, दूध सगळं टाकीत अडवून ठेवलं होतं. एक थेंब बाहेर गेला नव्हता.

“बस. अन् पी की ते. बहात्तर आहे म्हणालास.”

वैजनाथनं पेला ओठापर्यंत नेला आणि झटक्यानं मागे घेतला. दूध मनगटावरून बाहीत उतरलं.

“नाही पिववत, अण्णा.”

“का रं?”

वैजनाथनं पेला अण्णांपुढे धरला.

अण्णांनी त्याच्या हातातून पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली. सकाळभर हा म्हातारा यंत्रापाशी स्टूल टाकून, त्याच्यावरच्या तापमानाच्या काट्याकडे टक लावून का बसला होता, ते वैजनाथला तेव्हा कुठं उमगलं.

 पडद्यावर बहात्तर तसंच, ठणठणीत.

“अण्णा,” वैजनाथनं विचारलं, “माझं काय शिकायचं राहिलंय?”

अण्णा वायरीचं वेटोळं करत होते.

“आधी त्याला ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला शिकव,” पडद्याकडे हनुवटी करून ते म्हणाले. “…मग तू शीक.”