गोदाक्कांचा साखर कारखाना

हप्ते काय, भल्याभल्यांचे थकतात हो! इथं यंत्रमाग बंद पडले, नवऱ्याची रोजी गेली आणि गोदाक्कांच्या दोन खोल्यांवर बँकेची जप्ती आली. वस्तीनं मदत मागितली, तेव्हा आमदार दौलतरावांनी सभेतच सुनावलं, "ऐपत नव्हती, तर घर घेतलं कशाला? सरकार काय तुमचं सासर आहे?"

जप्तीच्या दिवशी शेजाऱ्यांनी दौलतरावांना ओढूनच आणलं. बघतात तर दारावर ओल्या रंगाची पाटी: 'नियोजित गोदाक्का सहकारी साखर कारखाना'.

दौलतराव पोट धरून हसले. "आक्का, इथं ऊस कुठाय?"

"तुमच्या कारखान्यात तरी कुठाय, दादा? कित्येक हंगाम धुराडं पेटलं नाही, तरी सरकारनं तुमचं कर्ज फेडलंच की! माणसाला मदत मिळत नाही, कारखान्याला मिळते. म्हटलं, आपणही कारखानाच व्हावं."

गर्दी फिदीफिदी हसली. निवडणूक तोंडावर होती. दौलतरावांनी घाम पुसत जप्तीवाल्यांना माघारी पाठवलं.

दौलतराव पुन्हा निवडून आले. अंगावरचा गुलाल उतरायच्या आत गोदाक्कांच्या दाराला बँकेचं कुलूप लागलं, आणि दौलतरावांच्या कारखान्याला सरकारची नवी मदत मंजूर झाली.