दाजीसाहेबांच्या कपाळावरची पळी

साथीच्या वर्षी मी महादेवाला नवस बोलले होते, "देवा, घरची सातही माणसं सुखरूप राहू देत. मी अकरा जणांना हसवणारी कहाणी सांगेन!" देवानं त्याचं काम केलं. आता माझी पाळी. ऐका तर.

आंबेझरीच्या महादेवाच्या सभामंडपाला भर ज्येष्ठात कुलूप! दारात पुष्पा सिस्टर कोविडच्या लसीची पेटी घेऊन उभ्या, आणि किल्ली दाजीसाहेबांच्या कनवटीला. दाजीसाहेब देवस्थानचे प्रमुख. दिल्या शब्दाचे पक्के, आणि मोबाईलवर आलेला प्रत्येक शब्दही खरा मानणारे! पूजेचं ताट मांडीवर घेऊन ते पारावर बसले होते. हलायला तयार नाहीत!

"चार वाजता मला पेटी पुढच्या गावी न्यायचीय हो," सिस्टर काकुळतीला आल्या.

सगळ्यांत जास्त घालमेल होत होती चंद्रकलेची. ती दाजीसाहेबांच्या घरी भांडी घासायची. तिच्या सासूबाईंना साखरेचा आजार, श्वासही लागायचा. लस हवीच होती. पण म्हातारी एकच धरून बसलेली, "दाजीसाहेब घेतील तर मी घेईन." सगळ्या गावाचंही तेच.

चंद्रकलेनं पदर खोचला. "दाजीसाहेब, किल्ली द्या की!"

"मुळीच नाही! लस घेतली की ताप येतो. म्हणजे रोगच टोचतात!"

"लेझमीच्या तालमीत घाम फुटतो, म्हणून काय जत्रा झाली? अंग तालीम करतंय, दाजीसाहेब. एक-दोन दिवसांत उतरतो ताप."

"अगं, दोन वर्षांत माणूस मरतो! मोबाईलवर आलंय!"

"मोबाईलवर तर गेल्या चैत्रात जग बुडणार होतं. तरी तुम्ही माझ्याकडून लोणच्याच्या चारशे कैऱ्या फोडून घेतल्यात!"

पारावरची माणसं खदखदून हसली. तेवढ्यात मागून ठमाकाकूंनी हळूच विचारलं, "पण बाई, माझा सोमवार आहे. सुईनं उपवास मोडतो ना?"

"काकू, सुई दंडात जाते, पोटात नाही. फराळ संध्याकाळीच करा!"

दाजीसाहेब लालबुंद झाले. "थांबा! पुरावाच दाखवतो. गुरुजी, या इकडे!"

शाळेचे ढवळे गुरुजी गेल्याच आठवड्यात तालुक्याला लस घेऊन आले होते. आत्ताच शेताच्या वाटेनं भर उन्हातून चालत आले होते. दाजीसाहेबांनी त्यांची बाही वर सारली, ताटातली तांब्याची पळी उचलली आणि दंडावर दाबली. हात काढला, तर काय! पळी जागच्या जागी!

"अगं बाई!" बायका दोन पावलं मागे सरल्या.

"बघा! लसीतून लोहचुंबक भरतात!" दाजीसाहेब गरजले. सिस्टर काही बोलू लागल्या, तर त्यांनाही गप्प केलं. "चंद्रकले, लस न घेतलेल्या माणसाला ही पळी चिकटवून दाखव! दाखवलीस तर पहिला दंड माझा. नाही जमलं, तर पेटी परत, आणि उद्यापासून माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही!"

"सूनबाई, माफी माग गं," सासूबाई घाबऱ्या झाल्या.

चंद्रकला मात्र गालात हसली. ती पळी ती बारा वर्षं रोज चिंचेनं घासत होती. ओल्या तळव्याला ती कशी चिकटून बसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"माणूस मी निवडू?"

"कुणीही निवड!"

"शब्द?"

"महादेवाची शपथ!"

"मग टोपी काढा, दाजीसाहेब."

"माझी?"

"लस न घेतलेला याहून पक्का माणूस गावात कुठून आणू?"

शपथ घेतलेली! टोपी निघाली. ओरडून ओरडून दाजीसाहेबांचं कपाळ घामानं निथळत होतं. चंद्रकलेनं पळी अलगद टेकवली आणि हात काढून घेतला. पळी कपाळावर घट्ट, दांडा थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत!

"हे... हे कसं? झोपेत कुणी टोचलं मला?"

"घामानं टोचलं, दाजीसाहेब! गुरुजी उन्हातून आले, आणि तुम्ही सावलीत ओरडलात!"

तिनं पळी काढली. गुरुजींचा दंड पदरानं कोरडा केला, ताटातलं चिमूटभर भस्म त्यावर चोळलं आणि पळी पुन्हा लावली. टण्ण! पडली. पुन्हा लावली. टण्ण!

"लोहचुंबक भस्माला भितो का हो? आणि तांब्याला कधीपासून ओढायला लागला?"

दाजीसाहेबांनी खाली पडलेली पळी उचलली. मग हळूच म्हणाले, "पण चंद्रकले, मी तर लस न घेताच चिकटलो!"

"म्हणून तर म्हणते, घेऊन बघा. सुटाल तरी!"

आधी दाजीसाहेबांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. मग कनवटीची किल्लीच हसत हसत खाली पडली! चंद्रकलेनं ती उचलून सभामंडप उघडला. दाजीसाहेब पहिल्या खुर्चीवर बसले, डोळे गच्च मिटले आणि ओरडले, "टोचा की लवकर, सिस्टर!"

"झालं कधीच!" सिस्टर म्हणाल्या. "उठा, चंद्रकलेच्या सासूबाईंना बसू द्या."

सासूबाईंनी बाही वर केली, मागोमाग ठमाकाकूंनी, मग साऱ्या पारानं. चार वाजता सिस्टरांची पेटी रिकामी होती.

दाजीसाहेबांनी पूजेचं ते ताट पळीसकट चंद्रकलेला दिलं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या अभिषेकाचा मान सासू-सुनेला दिला. आणि वर म्हणाले, "नवी पळी आणतो. ती मात्र मीच घासणार. मलाही कळू दे, ती अजून कुणाकुणाला चिकटते!"

मोजलं तर तुम्ही अकरावे. माझा नवस फिटला. तुमच्याही घरची माणसं सुखरूप असतील, तर तुम्हीही अकरा जण शोधा आणि ही कहाणी सांगा. आणि टण्ण म्हणाल ना, तेव्हा हातातली पळी खरंच पाडा बरं का!