झिऱ्यावरचा पहिला घोट

एका जंगलात एक ओढा होता. पावसाळ्यात तो दोन्ही काठ भरून वाहत असे आणि उन्हाळ्यात असा आटत असे, की इथे कधी पाणी होतं यावर कुणाचा विश्वास बसू नये. ओढ्याकाठी चितळांचा एक कळप राहत असे आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत रानडुकरांचं एक कुटुंब. एका कडक उन्हाळ्यात शेवटचं डबकंही सुकलं. तेव्हा डुकरांनी नाकाडं खुपसून पात्रातली वाळू उकरली आणि खोल झिरा पाडला. तळाशी पाणी जमलं. चितळं दुरून आशाळभूतपणे बघत होती. डुकरिणीने त्यांना हाक मारली, "या, सगळ्यांना पुरेल." त्या उन्हाळ्यात कळप जगला तो या पाण्यावर. मुलांनो, हा झिरा कुणी खणला ते तेवढं ध्यानात ठेवा, कारण गोष्टीतले बहुतेक सगळे ते विसरणार आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात झिरा पुन्हा खणला गेला, आणि खणला डुकरांनीच. झिऱ्याचं पाणी हळूहळू साठतं. जो आधी पितो त्याला निवळ पाणी मिळतं, मागून येणाऱ्याला गाळ. चितळं आता संख्येने वाढली होती. ती आधी घुसली. नर शिंगं रोखून कडेला उभे राहिले आणि डुकरं मुकाट्याने मागे सरली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तरीही कळपाला जनाची नाही तरी मनाची थोडी लाज शिल्लक होती. पिता पिता डुकरांकडे नजर जाई आणि घोट घशात अडकत असे. यावर काहीतरी उपाय हवा म्हणून त्यांनी कोल्ह्याला बोलावलं.

उपाय म्हणजे पाणी वाटून प्यायचं, हे कोल्ह्याला ठाऊक होतं. पण त्यासाठी आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुम्ही आधी पिता यात गैर काय आहे? तुमचा रंग बघा, उन्हासारखा. त्यांचा रंग बघा, चिखलासारखा. चिखलाच्या रंगाचे चिखलासाठीच जन्माला येतात. त्यांना गाळच आवडतो." हे बोलताना आपल्या शेपटीचं काळं टोक त्याने बुडाखाली दाबून धरलं होतं. कुणाला ते दिसलं नाही असं नाही. पण सोयीचं कारण सांगणाऱ्याची शेपूट कोण तपासतो? त्या दिवसापासून घोट सरळ घशाखाली उतरू लागला आणि कोल्ह्यालाही झिऱ्यावर जागा मिळाली.

वर्षं गेली. ज्यांनी कारण मागितलं होतं ती चितळं बहुतेक मेली, आणि ज्यांनी ते नुसतं ऐकलं होतं ती मोठी झाली. त्यांच्या लेखी ते कोल्ह्याचं बोलणं नव्हतं, तो जंगलाचा नियम होता. मग एक विद्वान बगळा आला. त्याने गवताची काडी घेऊन डुकरांची नाकाडं मोजली आणि जाहीर केलं, की ज्याचं तोंड लांब त्याची बुद्धी आखूड. स्वतःची चोच मात्र त्याने मोजली नाही. डुकरांची पिल्लं तर जन्मतः फिकट आणि पट्ट्यापट्ट्यांची असतात, त्याचं काय, असं एका भोळ्या सशाने विचारलं. "ती लहानपणी चुकून तशी असतात," असं बगळ्याने सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या मोठ्या विद्वानाला पुन्हा कोण विचारणार?

आता झिऱ्यावर दुपारी राखण असे. काळं काही पुढे आलं की राखणदाराने लाथ मारायची, अशी रीतच पडून गेली होती. एका तरण्या हरिणीला या कामाचा मोठा अभिमान होता. "मला तोंड बघावं लागत नाही. मी लांबूनच ओळखते," असं ती सगळ्यांना सांगत असे.

एके दुपारी तिचंच पाडस भटकत भटकत डुकरांच्या लोळणीत, ओल्या काळ्या चिखलात घसरून पडलं. कसंबसं बाहेर आलं तेव्हा ते कानापर्यंत काळं झालं होतं. अंगावरचे ठिपके गेले, अंगाचा वासही चिखलाखाली दडला. भेदरलेलं, तहानलेलं पाडस आईकडे धावत आलं. हरिणीने काळं काहीतरी येताना पाहिलं आणि लाथ झाडली. पाडस कोलमडलं, उठलं आणि म्हणालं, "आई." हरिणी शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का, आता ही आपल्यासारखी बोलायलाही शिकली." आणि तिने दुसरी लाथ मारली. मुलांनो, आई आपल्या लेकराचा आवाज ओळखत नाही असं होत नाही. पण या आवाजाकडे कान द्यायचाच नाही, असं तिला तिच्या लहानपणापासून शिकवलेलं होतं.

पिल्लांना घेऊन मागे थांबलेल्या एका डुकरिणीने हे पाहिलं. तिने पाडसाला नाकाडाने हळूच उठवलं, बाजूला नेलं आणि चितळं निघून गेल्यावर मिळालेल्या गढूळ पाण्याचा पहिला घोट त्यालाच पाजला. झाडाच्या बुंध्याला अंग घासून पाडसाने वाळलेला चिखल काढला आणि संध्याकाळी ते लंगडत कळपात परतलं. त्याचा सुजलेला पाय पाहून हरिणीचा जीव खालीवर झाला. नरांनी शिंगं रोखली. हे काम डुकरांचंच, यात कुणाला शंका नव्हती.

"कुणी मारलं तुला?" हरिणीने विचारलं.

"तू," पाडस म्हणालं.

मग त्याने सगळं सांगितलं. मला कळलं नाही रे बाळा, मला वाटलं ते डुकराचं पिल्लू आहे, असं हरिणी पुन्हा पुन्हा म्हणू लागली. कळपाला एकदम हायसं वाटलं. चूक कुणाकडूनही होते, चिखलच वाईट, असं म्हणत सगळे तिची समजूत घालू लागले. पाडसाने मात्र आईकडे बघत विचारलं, "ते खरंच डुकराचं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं का?"

जे खरं होतं ते हरिणीला लेकराला सांगवेना. ती शरमेने पार मेल्याहून मेल्यासारखी झाली.

पाडसाला आणखी एक विचारायचं होतं. झिरा पहिल्यांदा डुकरांनीच खणला आणि चितळांना हाक मारली ती आपल्या आईने, असं पाणी पाजताना डुकरीण म्हणाली होती. ते खरं का? त्या उन्हाळ्यातली एकच म्हातारी हरिणी कळपात उरली होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने होकारार्थी मान हलवली. मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं कुणीतरी विचारलं. "कुणी विचारू नये असंच वाटायचं," ती खालच्या मानेने म्हणाली. त्यानंतर कोल्ह्याचं किंवा बगळ्याचं नाव कुणी काढलं नाही. दोष त्यांच्यावर ढकलता आला असता, पण पाणी तर यांनीच प्यायलं होतं.

दुसऱ्या दिवशी हरिणी राखणीला उभी राहिली नाही. ती डुकरांच्या मागे जाऊन थांबली. पण तिला पाहताच डुकरिणीची पिल्लं जाळीत पळाली. तिला वाटलं, काहीतरी बोलावं, क्षमा मागावी. डुकरिणीने तिला बोलू दिलं नाही.

"तू मागे उभी राहिलीस तरी पोरं पुढे यायची नाहीत," ती म्हणाली. "ती तुला लांबूनच ओळखतात. जरा दूर जा, म्हणजे त्यांना पाणी पिता येईल."

हरिणी दूर गेली. जिथे इतकी वर्षं डुकरं ताटकळत उभी राहत, तिथे ती उन्हात उभी राहिली. पिल्लं हळूहळू बाहेर आली, तिच्यावर नजर ठेवून प्यायली आणि गेली. मग ती झिऱ्यापाशी आली. तळाला गाळ उरला होता. तिने तो तोंडात घेतला. तो कडवट होता, दातांत कचकचत होता. तो कुणाला आवडणं शक्यच नव्हतं.

तात्पर्य : अन्याय आधी होतो आणि त्याचं कारण मागाहून शोधलं जातं; ते कारण जुनं झालं म्हणून खरं होत नाही. आणि लाज वाटायची ती लाथ आपल्या लेकराला लागल्यावर नव्हे, दुसऱ्याच्या लेकरावर उगारतानाच वाटली पाहिजे.